बाळारामदादांचा लाईटीचा अंदाज

पेपर उघडून आधी धरणाचा साठा वाचणारा आमच्या गावात एकच माणूस, बाळारामदादा. मयताला गेले तरी बसायच्या आधी विचारणार, "पातळी किती झाली?" एकदा मयताचा मुलगा गोंधळून "कसली?" म्हणाला, तर दादा त्याला तिथेच समजावत बसले.

दादा सबस्टेशनातून ऑपरेटर म्हणून निवृत्त झाले. ते माझे शेजारी आणि माझी पिठाची चक्की, त्यामुळे रोज त्यांच्या तावडीत मीच. धरणं आटली की पाण्यावरची वीज संध्याकाळसाठी राखतात आणि दुपारी कात्री आपल्यावर, हे मला तोंडपाठ झालंय. "पानी नाय तर लाईट नाय, लाईट नाय तर पंप नाय, पंप नाय तर पानी नाय. कललं?" कळलं हो, पण गिऱ्हाईकाचे तांदूळ दळू द्या!

मे महिन्यात तर त्यांच्या पायाला भिंगरी. सकाळी विहिरीत बांबू घालून खोली बघायची, मग देवळाजवळच्या पाटीवर त्या दिवसाच्या लाईटीचा अंदाज लिहायचा.

यंदा एकदा त्यांनी लिहिलं, 'दुपारी लाईट नाही.' सिद्धगडाच्या अंगाला असलेल्या वरच्या वाडीला आमच्याच पंपाचं पाणी जातं, आणि तिथल्या नळाला तोटी नाही. बायांनी पाटीवर विश्वास ठेवला, रांगेतले हांडे उचलले आणि लांबच्या झऱ्यावर गेल्या. दोन वाजता लाईट आली. नळ धो धो वाहिला, सगळं पाणी मातीत गेलं. वाडीतली धर्मीआजी झऱ्यावरून अर्धा हांडा गढूळ पाणी घेऊन परतली. संध्याकाळी देवळापाशी येऊन म्हणाली, "दादा, लाईट तुजं आयकत नाय रं."

सगळे हसले. मीही हसलो, आता लाज वाटते. दुसऱ्या दिवसापासून पाटी कोरी.

दुपारचे दादा दिसेनात. चार दिवस कोणी पातळी विचारली नाही, तर मलाच करमेना. पीठ पोचवायला वाडीवर गेलो, तर दादा नळापाशी छत्री धरून बसलेले. बाया कामावर गेलेल्या, त्यांचे हांडे रांगेत. नळाला पाणी आलं तसे दादा एकेक हांडा भरून बाजूला ठेवू लागले. मीही हात लावला.

रांगेत शेवटी एक पितळी हांडा होता. त्यावर नाव कोरलेलं, सौ. यमुना बाळाराम. यमुनावहिनींना जाऊन चार वर्षं झाली.

"दादा, हा कशाला आणलात?"

"सबस्टेशनात वरून फोन आला का मीच गावाची लाईट बंद करायचो. ती रिकामा हांडा घेऊन घरी यायची. मला कदी बोलली नाय."

तेवढ्यात धार बारीक झाली. वहिनींचा हांडा अर्धाही भरला नव्हता.

"थांब जरा," दादा म्हणाले, "आजून येतंय."

लाईट गेली होती, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. मी थांबलो.