सातव्या खांबाचा श्वास

बांधकाम खात्याने आमच्या नव्या पुलाला श्वास पाजायला बारा माणसं नेमली होती, आणि त्यांतला एकजण श्वास चोरत होता.

काँक्रीट हवेतला कार्बन डायऑक्साइड आपणहून पितं, पण फार सावकाश. खात्याला घाई होती. म्हणून दर खांबामागे एक माणूस. त्याने खांब ओलसर ठेवायचा, भिजवायचा नाही, आणि आठ तास तोंड जवळ नेऊन श्वास सोडायचा. मी या सगळ्यांवरचा निरीक्षक. माणसांच्या बोलण्यावर माझा विश्वास नाही. मी खांबाला भोक पाडतो आणि आत औषध फवारतो. काँक्रीट उपाशी असेल तर गुलाबी होतं, प्यायलेलं असेल तर साधं राहतं.

अकरा खांब बोटभर खोल साधे निघाले. सातवा वरपासूनच गुलाबी होता.

सातव्यावर निवृत्ती खोचरे होते. खात्यात अकरा वर्षं रोजंदारीवर, आणि येत्या सोमवारी कायम व्हायचे होते.

"खोचरे, श्वास जातो कुठे?"

"सोडतोय की सायेब. पर भाइर जातच न्हाई."

मी त्यांच्या नाकापुढे आरसा धरला. आरसा स्वच्छ राहिला. त्यांची बायको हौसाबाई डबा घेऊन आली होती, ती बघत उभी राहिली.

"घरी बी आसंच हाय," ती म्हणाली. "मला वाटलं, दुसरीकडं कुटं सोडून येत्यात."

संशय मलाही तोच होता. मी खोचऱ्यांच्या मनगटावर औषध फवारलं. मनगट गुलाबी झालं. खोचरे स्वतःच काँक्रीट झाले होते, आणि तेही उपाशी.

मी वर कळवलं. उत्तर दोन दिवसांत आलं: उपाशी काँक्रीट आढळल्यास त्याची खडी करावी, खडी चहूबाजूंनी पिते व काम लवकर होते. सोमवारपर्यंत बोटभर खोल साधं आढळल्यास फोडू नये.

खोचऱ्यांनी कागद दोनदा वाचला. "खडी झाल्यावर कायम करत्यात का?"

"खडीला पद नसतं," मी म्हणालो.

हौसाबाईने पदर खोचला. "सोमवारपतूर माझ्याकडं द्या ह्यास्नी."

ती रोज आठ तास त्यांना खेटून बसू लागली. खांद्यावर ओलं फडकं टाकायची आणि बावीस वर्षांची गाऱ्हाणी अगदी जवळून सांगायची. बोलताना श्वास जास्त सुटतो, हे मला मान्य करावं लागलं. तरी मी लांबून नजर ठेवून होतो. बायका नवऱ्याला सवलत देतात.

सोमवारी ड्रिल घेऊन गेलो.

"मारा सायेब, दुखत न्हाई."

खांद्यात बोटभर भोक पाडलं, राखाडी भुकटी झाडली, औषध फवारलं. सगळं साधं होतं. फक्त तळाशी ज्वारीच्या दाण्याएवढा गुलाबी ठिपका राहिला होता. नियमाने ती खडीच. मला वाईट वाटलं, पण मी पेन काढलं.

"थांबा वाईच," हौसाबाई म्हणाली.

ती वाकली, तिने भोकाला ओठ लावले आणि श्वास सोडला. तो संपेचना. शेवटी मला तिचीच काळजी वाटू लागली. ती बाजूला झाल्यावर मी आत बॅटरी मारली. ठिपका नव्हता. माझा विश्वास बसेना, म्हणून पुन्हा फवारलं, पुन्हा पाहिलं.

तपासणी चालू असताना श्वास देऊ नये, असा नियम कुठेही नाही. मी तसा शेरा लिहिला आणि खोचऱ्यांच्या हातात कायम केल्याचा आदेश दिला. तो त्यांनी गुलाबी मनगटाच्या हाताने घडी घालून खिशात ठेवला.

"आता घरी न्हेऊ का ह्यास्नी?" हौसाबाईने विचारलं.

"पाचनंतर," मी म्हणालो. "आता ते कायम आहेत."