रंगरावांचा कमरेएवढा मळा

"आजपासून या घरात मेथी विकत येणार नाही! मी पिकवीन! अन् तेही न वाकता!"

ही घोषणा केली तेव्हा रंगराव अंगणात सतरंजीवर उताणे पडले होते. त्यामुळे तिचा व्हावा तसा परिणाम झाला नाही. रुक्मिणीबाईंनी चहा त्यांच्या उशाशी ठेवला आणि म्हणाल्या, "आधी उठून बसता येते का ते पाहा."

मणक्याचं दुखणं चार वर्षांपूर्वी पाहुण्यासारखं आलं आणि घरजावयासारखं राहिलं. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. शेती मुलाकडे गेली आणि रंगराव बांधावरच्या खुर्चीत बसणारे मालक झाले. खरं सांगायचं तर कमरेपेक्षा ती खुर्चीच त्यांना जास्त दुखायची. डॉक्टर म्हणाले, "दुखणं सोबत राहणारच आहे. अंगाला झेपेल असा एखादा छंद लावून घ्या." रंगरावांनी विणकाम केलं, तर टोपी सुरू करून पिशवी झाली. शब्दकोडी सोडवली, पण जन्मभर मातीत हात घातलेल्या माणसाचं कोड्यांनी काय भागणार? त्यांना स्वतःच्या हातानं पेरायचं होतं. बस्स!

शेवटी सुनेनं, समीक्षानं, मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. कमरेएवढ्या उंच बांबूच्या मांडणीवर मातीचा वाफा. मातीत ओल धरायला पुरलेलं मडकं. वर पांढऱ्या कापडाची सावली. माणूस उभ्या उभ्या पेरतो, उभ्या उभ्या खुडतो! रंगरावांनी लगेच मेहुण्याला, भागवतला, मोताळ्याच्या बाजारात पिटाळलं. "लांब बांबू, कामट्या, सुतळी, मडकं, पांढरं कापड अन् थोडं वाळलं गवत. धाव!"

हे सामान एकत्र कशासाठी नेतात, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. पण त्या सकाळी घरातल्या सगळ्यांच्या डोक्यात मेथीच होती!

भागवतच्या तोंडात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा, म्हणून बोलणं बेताचं. दुकानदार माणिकरावांनी सामान काढता काढता विचारलं, "कोणासाठी बे?"

"रंगरावभाऊजीसाठी."

माणिकरावांच्या हातातली सुतळी खाली पडली. "अरे रामा! लई सोसलं हो त्यायनं!"

"हाव. आता सुटतील."

"अन् पोरगा?"

"शेतातून येऊन राह्यला. तो आला की उरकतो. ऊन तापायच्या आत."

माणिकरावांनी आयुष्यात पहिल्यांदा भावावरून घासाघीस केली नाही. भागवतची पाठ वळताच त्यांनी शटर अर्धं ओढलं आणि फोन उचलला.

घटकाभरात गावाच्या ग्रुपवर रंगरावांचा फेट्यातला फोटो झळकला. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. रंगरावांनी तो पाहिला, पण चष्मा नव्हता. कोणाचा तरी वाढदिवस असेल असं समजून त्यांनी दोन हात जोडलेलं चित्र पाठवून दिलं. ग्रुपवर हळहळ झाली, "पाहा, बापाच्या मोबाईलवरून पोरगा आभार मानून राह्यला बिचारा!" आता शंकेला जागाच उरली नाही.

चिखलीहून पहिली जीप आली तेव्हा रंगराव रोजचा व्यायाम करत होते. व्यायाम म्हणजे सतरंजीवर सरळ पडायचं, हात अंगाबरोबर, डोळ्यांवर पंचा आणि श्वास इतका हळू, की बायकोलाही कधी कधी शंका यावी! शेजारी भागवतनं बांबू, मडकं आणि कापड व्यवस्थित मांडून ठेवलं होतं; पोरगा अजून शेतातून यायचा होता.

धाकटी बहीण कोकिळा जीपमधून उतरली ती थेट दादाच्या पायांवरच कोसळली. "दादा रे! मले काऊन सोडून गेला रे!"

"कोकिळे, पाय नको हलवू!" पंच्याखालून आवाज आला. "मणक्यात कळ जाते!"

जीपमागोमाग जमलेलं अर्धं गाव कुंपणाबाहेर पळालं! कोकिळेनं आधी किंकाळी फोडली, मग दादाच्या खांद्यावर दोन गुद्दे घातले, आणि मग त्याच खांद्यावर डोकं टेकून खरंखुरं रडली.

उलगडा झाला आणि लोक भडकले. कोणी कापसाची वेचणी टाकून आलं होतं, कोणी दुकान बंद करून. गावातली प्रत्येक तिरडी बांधणारे पुंजाजी कोयता घेऊन आले होते. ते म्हणाले, "मंग मी आलो कायले?" रुक्मिणीबाई तर कडाडल्याच. "आग लागो त्या हौसेले! भागवत, हे बांबू आत्ताच्या आत्ता परत दे!"

भागवतनं बांबू उचलला. हा बांबू गेला की पुन्हा ती खुर्ची! रंगरावांनी दात आवळले, भिंत धरली आणि उठले. कळ मानेपर्यंत गेली. जाऊ दे!

"खबरदार बांबूले हात लावशील तर! चार वर्षं झाली, मी एक दाणा पेरला नाही. मसणापर्यंत खांदा द्यायले आले होते ना सगळे? मंग वाफ्यापर्यंत द्या!"

पुंजाजींनी सुतळीचं बंडल उचललं.

पुढं काय विचारता! जिवंत माणसाच्या कामाला एवढी माणसं त्या गावात कधी जमली नव्हती. शेतातून आलेल्या पोरानं माती वाहिली, कोणी खांब रोवले. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून कोकिळेनं आणलेलं पिठलं-भाकर सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्लं. चहाच्या वेळेला मांडणी उभी राहिली, बरोबर कमरेला! रंगराव ताठ उभे राहिले आणि मूठभर मेथी स्वतःच्या हातानं पेरली. कंबर दुखतच होती, पण डोळे भरून आले ते कमरेमुळं नव्हे. रुक्मिणीबाईंनी पदरानं आपलेही पुसले.

"पुंजाजी, बांधलं झकास!" रंगराव मांडणीवर हात फिरवत म्हणाले. "पण हे असं लांबलचक अन् अरुंद काऊन?"

पुंजाजींनी उरलेली सुतळी गुंडाळली आणि त्यांच्याकडे डोक्यापासून पायापर्यंत एकदा शांतपणे पाहिलं.

"बातमी आली तवाच मनात माप घेऊन ठेवलं होतं, रंगराव. वाटलं तर झोपून पाहा!"