सहजच जेवायला

जर्मनीत बरीच वर्षं काढून अश्वजित पिपरी मेघेत घर घेऊन राहायला आला, पण महिना-महिना आधी तारखा ठरवणारं तिकडचं कॅलेंडर काही त्याच्या डोक्यातून उतरलं नव्हतं. ज्या रामाजीमामांनी त्याला लहानाचं मोठं केलं, त्यांना सहकुटुंब आपल्या घरी पोटभर जेवू घालायचं, एवढीच त्याची हौस होती. त्याने त्यांना सेलूला फोन लावला.

"मामा, पुढच्या महिन्यातल्या शेवटच्या रविवारी, संध्याकाळी सात वाजता, सारे जेवाले या."

"कोनाचं लग्न जुळलं काय?"

"नाई."

"मंग बारसं?"

"काईच नाई जी. सहजच."

"सहजच," मामा हळूच म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

आपल्याकडे सहज जेवायला बोलावतात ते फाटकातून हाक मारून, पोळी तव्यावर असताना. महिनाभर आधी तारीख धरून, तेही कारण न सांगता बोलावणारा माणूस सेलूत कोणी पाहिला नव्हता. त्याला आपली अखेरची तारीख कळलेली असणार, असं सगळ्यांनी धरूनच टाकलं.

दुसऱ्याच दिवशी सीतामामी आल्या, त्याच्या तोंडाकडे टक लावून बसल्या आणि चहा न घेताच डोळे पुसत गेल्या. कंपाउंडच्या भिंतीवरून अबोला धरलेले शेजारचे पुंडलिकराव हात जोडून म्हणाले, "मनात ठेवू नोको बाबू. तुही भिंत बराबर हाय." गल्लीतली माणसं त्याला पाहून बोलायची थांबू लागली. शेवटी त्याची बायको भावनाही विचारू लागली, "अहो, तुम्ही माझ्यापासून काही लपवताय का?" अश्वजित आरशासमोर उभा राहून स्वतःची नाडी पाहू लागला.

तो रविवार उजाडला. सात वाजून गेले, वरणासोबतच्या बट्ट्या गार व्हायला लागल्या, तरी कोणाचा पत्ता नाही. अश्वजितला रडू यायचंच बाकी होतं. त्याने फोन लावला.

"मामा, येता ना?"

पलीकडे कोणीतरी दचकून श्वास घेतला. "तू... तूच बोलून राह्यला?"

"मंग कोन बोलन?"

"फाटकापाशीच हाओत रे. बेल वाजवाची हिंमत होऊन नाई राह्यली."

त्याने दार उघडलं. अंधारून आलेल्या रस्त्यावर सगळं कुटुंब पांढऱ्या कपड्यांत चिडीचूप उभं होतं. मामांच्या हातात हार होता. अश्वजित एक पाऊल पुढे आला, तशी सगळी रांग एक पाऊल मागे सरली. आपण खरोखरच गेलो की काय, असं क्षणभर त्यालाही वाटलं.

"जिता हाय व माय!" मामी ओरडल्या.

मग मात्र बट्ट्यांचा फडशा पडला. आणलाच आहे तर वाया का घालवायचा, म्हणून मामांनी तो हार अश्वजितच्याच गळ्यात घातला. "जेवाले बोलवाचं तं 'चाल' म्हनाचं! तारीख कायले देतं?" ते खाता खाता दरडावत होते.

निघताना चपला घालता घालता मामा थांबले. "पुढच्या महिन्यातल्या शेवटच्या रविवारी तू माह्या घरी जेवाले येजो."

"काई कार्यक्रम हाय, मामा?"

"नाई," मामा म्हणाले. त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं. "सहजच."

अश्वजितने त्यांचा हात गच्च धरला.

"रविवारी कायले, मामा? मी उद्याच येतो."