तिसरी फरशी

होणाऱ्या सासुरवाडीची माणसं अर्धवट बांधलेलं घर पाहून नाक मुरडतील, ही भीती ऋतुराजला अजिबात नव्हती. तो कॉम्प्युटर गेम बनवणाऱ्या कंपनीत ग्राफिक्सचं काम करायचा. बीड बायपासजवळच्या त्या घराला अजून दारं नव्हती, जिना नव्हता, फरशीचे बॉक्स अंगणात पडून होते. पण पठ्ठ्यानं अख्खं घर लॅपटॉपवर बांधून काढलं होतं! भाड्याच्या खोलीत टीव्ही लावून तो पाहुण्यांना घरभर फिरवणार होता. "चपला काढायचीबी गरज नाय," असं त्यानं वडिलांना, म्हणजे कारभारींना, छातीठोकपणे सांगितलं.

कारभारींनी आदल्या दिवशी सगळं पाहिलं आणि एकच खोट काढली. दिवाणखान्यातली काळी-पांढरी फरशी पायाशी झकास दिसत होती, पण पलीकडच्या भिंतीकडं जाता जाता धुरकट होत होती. शहागंजचा बाजार पालथा घालून आणलेली नक्षी गेली कुठं, असा त्यांचा सवाल. आता चित्र लांब गेलं की त्याचे ठिपके एकमेकांत कसे मिसळायचे, याचे प्रोग्रॅममध्ये तीन-चार पर्याय असतात. त्याला फिल्टरिंग म्हणतात. ऋतुराजनं ते मिसळणंच बंद करून टाकलं. नक्षी पार भिंतीपर्यंत लखलखीत. कारभारी खूश झाले.

दौलताबादहून मुलगी मेघा, तिचे वडील आणि आजी मनकर्णाबाई अशी मंडळी आली. त्या घरात शब्द आजींचा चालतो, हे मध्यस्थानं बजावून ठेवलं होतं. मेघा ऋतुराजला बघताक्षणीच आवडली. पोहे झाले, टीव्ही लागला, चित्र पुढं सरकलं आणि लांबच्या फरशीवर न मिसळलेले ठिपके वळवळायला लागले.

मनकर्णाबाईंनी पाय वर घेतले. "अगं बाई, घराला मुंग्या लागल्यात की."

ऋतुराजनं घाईघाईनं दुसरा पर्याय लावला. मुंग्या जरा मऊ झाल्या, एवढंच. तिसरा लावला तशी वळवळ थांबली, पण लांबची फरशी पुन्हा धुरकट. चौथा म्हणजे सगळ्यात भारी. तो लावला आणि जुन्या लॅपटॉपनं मान टाकली! टीव्ही काळाठिक्कर पडला. स्थळ हातचं गेलं, असं ऋतुराजच्या मनानं घेतलं. कारभारी पंख्याकडं बघत बसले.

मनकर्णाबाई मात्र गहिवरल्या होत्या.

"निवडायला तीन-तीन फरश्या दाखवल्या पोरानं," त्या म्हणाल्या. "माझ्या सासऱ्यानं मला न इचारता घातलेली फरशी मी जल्मभर पुसली. बायामाणसाला इचारून फरशी घालणारं घर आज बघितलं."

ऋतुराजला भरून आलं. खरं काय ते सांगायला त्यानं तोंड उघडलं, तोच कारभारींनी त्याला चिमटा काढला.

"तिसरी घाला," आजींनी निकाल दिला. "पायाशी नक्षी, लांब साधी. घातलेली बघीन, मगच सुपारी."

कारभारी पुन्हा शहागंजात फिरले. पायाशी नक्षी आणि लांब साधी अशी फरशी मागितल्यावर दुकानदार त्यांना बसवून आधी पाणी पाजायला लागले. शेवटी अंगणातलीच फरशी घातली आणि बाकी नशिबावर सोडलं. आजींचं बोलणं मात्र ऋतुराजच्या मनातून जाईना. ओट्याची उंची, खिडक्यांच्या जागा, सगळं त्यानं मेघाला फोन करून खरोखर विचारलं, आणि तिनं त्यातलं बरंचसं खरोखर बदलायला लावलं.

आजी घर बघायला आल्या. दारात उभं राहून त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसत पुसत लांबवर नजर टाकली.

"हीच ती," आजी म्हणाल्या. "पोरगं शब्दाचं पक्कं हाय."

ऋतुराजनं वाकून आजींना नमस्कार केला, आणि मनातल्या मनात त्यांच्या मोतीबिंदूलाही. इतके उपकार त्याच्यावर आजवर कुणी केले नव्हते.

मेघानं फरशीकडं पाहिलं, आजीकडं पाहिलं आणि ऋतुराजला हळूच म्हणाली, "आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे. तारीख त्याच्या आतली धरा."