साळवेकाकांचा नकाशा

साळवेकाकांशी ओळख झाली की पाच मिनिटांत माणसाला त्यांच्याकडे पाठ करून उभं राहावं लागे. "जरा वळा बघू," असं ते इतक्या सहज म्हणत, की समोरचा का म्हणून विचारायच्या आधीच वळलेला असे. मग मागून आवाज येई, "डावा खांदा खाली आहे तुमचा. पिशवी डाव्या हातात धरता ना?" नर्सिंग होममध्ये औषधांचे नमुने घेऊन येणाऱ्या एका टाय लावलेल्या गृहस्थांनाही त्यांनी असंच वळवलं होतं. ते पुन्हा आमच्याकडे आले नाहीत.

मी तेव्हा उल्हासनगरला हाडांच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये एक्स-रे काढायचो. साळवेकाका बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहत आणि मोरिवलीजवळच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. यंत्रांच्या सुट्या भागांचे नकाशे काढण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली होती. खिशात नेहमी तीन पेन्सिली आणि बारीकसारीक मापं घ्यायचा एक व्हर्नियर. हा व्हर्नियर कशालाही लागायचा. आमच्या कँटीनच्या वड्याचा व्यास घेऊन त्यांनी पोऱ्याला नव्हे, थेट मालकाला विचारलं होतं, "टॉलरन्स किती ठेवता?" थोडंफार चुकलेलं किती चालतं, एवढाच त्याचा अर्थ. पण हा प्रश्न ते वड्याला, एस.टी.ला, भाचीसाठी आलेल्या स्थळाला, सगळ्यांनाच लावत.

आमच्याकडे ते पहिल्यांदा आले ते बायकोला घेऊन. सुलोचनाकाकूंचा कमरेचा शेवटचा मणका खालच्या तिकोनी हाडावरून पुढे सरकला होता. बसलं की पायातून कळ जायची. आमचे डॉक्टर सिंधी, हाताने अतिशय कुशल आणि बोलायला मोकळे. ते म्हणाले, "स्क्रू टाकेंगे. वर दोन, खाली दोन, बीच में सळी. फिर काकू दौडेगी."

"कुठल्या मापाचे स्क्रू?" काकांनी विचारलं.

"वो तो टेबलवर बघतो ना मी. हाताला समजतं."

काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मणक्याला मागून दोन आखूड हाडी दांडे असतात, स्क्रू त्यातूनच पुढे न्यायचा. आतल्या बाजूला गेला तर नस, फार लांब गेला तर पुढे मोठी रक्तवाहिनी, हे डॉक्टरांनीच त्यांना नुकतं समजावून सांगितलं होतं. आणि आता हा माणूस म्हणत होता, हाताला समजतं. "डॉक्टरसाहेब," ते हळूच म्हणाले, "आमच्याकडे पंपाच्या झाकणालासुद्धा ड्रॉइंग असतं हो."

दुसऱ्या कुणी डॉक्टरांनी त्यांना बाहेर काढलं असतं. आमच्या डॉक्टरांनी फिल्म त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "तो बनाओ."

काकांनी खरंच बनवलं. एक्स-रेत हाड असतं त्यापेक्षा मोठं दिसतं, म्हणून त्यांनी काकूंच्या कमरेला, बरोबर मणक्याच्या उंचीवर, आठ आण्याचं नाणं चिकटवून मला नवीन फोटो काढायला लावला. फिल्मवर नाणं जेवढं फुगलं तेवढं हाडही फुगलं असणार, हा हिशेब. मुंबईहून आणलेल्या सी.टी.च्या फिल्मवरून दांड्यांची रुंदी घेतली. ट्रेसिंग पेपरवर बाजूने एक, समोरून एक, वरून एक अशी चित्रं, कोन अर्ध्या अंशापर्यंत, स्क्रूची लांबी, जाडी. आणि खाली कोपऱ्यात कारखान्यातल्यासारखे तीन चौकोन: काढले, तपासले, मंजूर. डॉक्टर बराच वेळ ते पाहत राहिले. मग म्हणाले, "सालवेसाब, दुसरे पेशंटचं पण बनवून द्याल काय?"

इथून काकांचा रविवार आमचा झाला. फुकटात, वर स्वतःचा ट्रेसिंग पेपर आणून. आणि इथेच ती चूक झाली. फर्निचर बाजारातल्या एका हमालाचं ऑपरेशन होतं. त्याचा एका बाजूचा दांडा जन्मतःच बारीक होता, त्यामुळे त्या बाजूला बारीक स्क्रू आणि दुसरीकडे जाड. काकांनी नकाशा सुरेख काढला. पण फिल्म दिव्यासमोर टांगल्यावर जशी दिसते तसा. कारखान्यात वस्तूचा नकाशा समोरून काढतात आणि फिटरही समोरच उभा असतो. इथे फिल्म समोरून दिसते आणि डॉक्टर पाठीमागून काम करतात. डावं-उजवं सगळं उलटं.

डॉक्टरांच्या ते सकाळी, चाकू हातात घ्यायच्या आधीच, लक्षात आलं. हमाल बरा होऊन पुन्हा कपाटं उचलायला लागला. डॉक्टर नंतर हसत काकांना एवढंच म्हणाले, "सालवेसाब, तुमचा माणूस सीधा झोपलाय. माझा उलटा झोपतो."

काका हसले नाहीत. त्या दिवसापासून त्यांच्या प्रत्येक नकाशावर 'मागून पाहताना' असं ठळक अक्षरात यायला लागलं आणि माणसांना वळवून बघण्याची सवयही तेव्हाच लागली. आम्ही त्यांची भरपूर थट्टा केली. आज त्या थट्टेची लाज वाटते.

कारण सुलोचनाकाकूंचं ऑपरेशन अजून व्हायचंच होतं आणि त्यांचा नकाशा आता काही पुरा होईना. बाकीच्यांचे दोन दिवसांत तयार व्हायचे. काकूंच्या नकाशावर मात्र सुधारणा एक, सुधारणा दोन, असं करत आकडा नऊपर्यंत गेला. कधी अर्धा अंश इकडे, कधी एक मिलिमीटर तिकडे. तारीख ठरली की काका यायचे आणि म्हणायचे, "एकदा फेरतपासणी करतो." डॉक्टर म्हणायचे, "अरे, पहिलाच बरोबर होता." काका मान हलवायचे आणि गुंडाळी काखेत मारून निघून जायचे. अशी तीन वर्षं गेली.

या तीन वर्षांत काकू पलंगावर पडून, कारखाना सुटला की काका शेजारी टेबलावर. चहा काका करायचे, गरम पाण्याची पिशवी काका भरायचे, भाकऱ्याही शिकले. त्या एकदम गोल असत, हे सांगायला नकोच. काकूंना फक्त एकच हवं होतं. पालेगावला माहेरी जायचं होतं. एक स्टेशन आणि पुढे रिक्षा, एवढंच अंतर. पण त्या रस्त्यावर रिक्षात बसणं त्यांना जमत नव्हतं. मधल्या काळात त्यांची आई गेली, तेव्हाही जाता आलं नाही.

शेवटी एका सकाळी काका त्यांना ओळखीच्या टेंपोत गादी टाकून, आडवं झोपवून पुन्हा घेऊन आले. नवीन फोटो हवा होता. मी पहिल्यांदाच नाही म्हणालो. "काका, आता बस. किती किरणं घालायची त्यांच्या अंगात?"

काकू एक्स-रेच्या टेबलावर कुशीवर पडल्या होत्या. म्हणाल्या, "तो कागद आणा इकडं."

काकांनी नकाशा उलगडून धरला. काकूंनी तो नीट पाहिला. "काढले, तपासले, दोन्हीकडं तुमची सही आहे. इथं का नाही?"

"ते मंजूर आहे. ते डॉक्टरांनी करायचं असतं."

"मग त्यांना का देत नाही?"

काकांनी कागद टेबलाच्या कडेला टेकवला. "सुलू, एकदा उलटं काढलं होतं मी," ते म्हणाले. "तुझं उलटं झालं तर?"

काकूंनी माझ्या खिशातलं पेन मागितलं. "पाठ माझी आहे," त्या म्हणाल्या आणि पडल्या पडल्या, तिरक्या अक्षरात, मंजूरच्या चौकोनात सही केली. पूर्ण नाव, सुलोचना वामन साळवे. नाव चौकोनात मावलं नाही, ते रेघेबाहेर गेलं. काकांनी ते तसंच राहू दिलं.

चारही स्क्रू नकाशाप्रमाणे बसले. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "एकदम फिट." काकांनी टॉलरन्स विचारला नाही. "ती काही बोलली का?" एवढंच विचारलं.

तीन महिन्यांनी काकू स्वतःच्या पायांनी पालेगावला गेल्या. आणि त्याच आठवड्यात, कुठलंही ऑपरेशन नसताना, काका माझ्या एक्स-रेच्या खोलीत येऊन स्टुलावर बसले. दुसऱ्या दिवशीही आले. तिसऱ्या दिवशी मी विचारलं.

"घरात आवाजच नाही रे," ते म्हणाले. "तीन वर्षं कामावरून आलो की झोपेपर्यंत बोलत होतो आम्ही. लग्नानंतर एवढं कधी बोललो नव्हतो. आता ती चालायला लागली, मला आनंदच आहे. पण घरी गेलं की पलंगाकडे बघवत नाही."

"मग जाऊन घेऊन या की."

"छे. आईच्या पश्चात पहिल्यांदा गेली आहे. मी दारात उभा राहिलो की ती लगेच पिशवी भरेल. राहू दे तिला हवं तेवढं." मग त्यांनी खिशातून एक पोस्टकार्ड काढलं. अख्ख्या आयुष्यात बायकोला लिहिलेलं पहिलं पत्र, तेही एका स्टेशनाच्या अंतरावर. छापल्यासारखं अक्षर. प्रकृती सांभाळ, वाकू नकोस, वजन उचलू नकोस, जमिनीवर बसू नकोस. खाली बरीच जागा कोरी होती.

"इथे काय लिहू?" त्यांनी विचारलं. माझं लग्न होऊन तेव्हा वर्ष झालं नव्हतं, तरी मला विचारलं.

"करमत नाही, असं लिहा."

ते लाजले. पण पेन्सिलीने आधी फिकट लिहिलं, मग त्यावरून शाईने गिरवलं आणि कार्ड स्वतः पेटीत टाकून आले.

पुढे वर्षभराने काकू तपासणीच्या फोटोला आल्या. एकट्या आल्या होत्या. "तुमच्या काकांनी काय ते लिहिलं होतं," त्या हसत म्हणाल्या. "पोस्टमननं वाचलं, भावानं वाचलं, भावजयीनं शेजारणीला वाचून दाखवलं. अख्ख्या आळीला कळलं, साळव्यांना करमत नाही. दुसऱ्या दिवशी निघाले मी. राहवलंच नाही."

मी त्यांना टेबलावर झोपायच्या आधी कमरेचा बटवा काढायला सांगितला, त्यात किल्ल्या होत्या. किल्ल्या त्यांनी खिडकीत ठेवून दिल्या. बटव्यातलं घडी पडून मऊ झालेलं पोस्टकार्ड मात्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "हे खाली ठेवू नका हं."

फोटो काढून होईपर्यंत मी ते एका हातात धरून उभा होतो. उठल्यावर काकूंनी आधी कार्ड मागून घेतलं, आणि मग विचारलं, स्क्रू कसे आहेत.