माशाला देवी आल्या

दिपालीने सकाळी काचेच्या टाकीत खाणं टाकलं आणि ती तशीच टाकीकडे बघत राहिली. दोन सोनेरी माशांपैकी सडपातळ माशाच्या गालांवर पांढरे ठिपके उठले होते, रव्याचे दाणे चिकटावेत तसे.

"अहो, इकडं या आधी! कल्याणच्या माशाला काहीतरी झालंय."

कल्याण म्हणजे तिचा धाकटा भाऊ. कोल्हारला त्याच्या घरात फरशी बसवायचं काम निघालं होतं. धुरळ्यात मासे नकोत म्हणून त्याने ते टाकीसकट भिंगारला ताईकडे आणून ठेवले होते. एरवी तो टाकीला बायकोचाही हात लागू देत नसे. दिपालीच्या हातून तुळससुद्धा जगत नाही, असा तिचा माहेरी लौकिक होता. "तिच्याकडं नको रे," असं आईने म्हटलेलं तिने फोनवर स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. म्हणूनच मासे धडधाकट परत करायचे आणि माहेरची तोंडं कायमची बंद करायची, असा तिने पण केला होता.

तिचा नवरा वाल्मिक लष्कराच्या एका कचेरीत कारकून होता. आधी 'हो' म्हणायचं आणि मग विचार करायचा, ही त्याची जुनी सवय. त्याने लगेच नगरच्या एका मासेवाल्या दुकानदाराला फोन लावला.

"ठिपके सगळ्या अंगावर आहेत का?" दुकानदाराने विचारलं.

"हो हो, सगळ्या," टाकीकडे पाठ करून उभा असलेला वाल्मिक म्हणाला.

"मग तो जीव आहे साहेब. माशाच्या अंगावर पोसतो, मग पाण्यात गळून पडतो, तिथं त्याचे शेकडो होतात आणि ते परत माशाला चिकटतात. पाणी हळूहळू कोमट करा आणि खडेमीठ घाला."

एवढ्यात वाल्मिकची आई, बायडाबाई, चष्मा पुसत आली. तिने काचेला नाक लावून मासा न्याहाळला आणि कानाच्या पाळ्यांना हात लावले.

"जीव न्हाई आन् बीव न्हाई. देवी आल्यात त्याला."

"आई, माशाला कुठं देवी येतात का?"

"तुला आल्या तवा तू काय इचारून घेतल्या हुत्या? गार ठिवायचं. मीठ तर चिमूटभर सुदीक दावायचं न्हाई. कडुलिंबाचा डहाळा आन जा."

दिपालीच्या डोक्याचा पार गोंधळ उडाला. एक म्हणतो गरम, एक म्हणते गार. एक म्हणतो मीठ घाला, एक म्हणते अळणी ठेवा. मायलेकांचा आवाज चढला तशी ती रडकुंडीला आली.

"माझा भाऊ मला काय म्हणेल? कुणीच हात लावायचा नाही टाकीला. दोघांनी माझ्या गळ्याची शपथ घ्या."

दोघांनी शपथ घेतली. मात्र घरातली बाकीची पथ्यं बायडाबाईंनी कुणाला विचारून घेतली नाहीत. दाराला कडुलिंब लागला, फोडणी बंद झाली आणि वाल्मिकच्या दाढीवर बंदी आली. बिनफोडणीचं वरण गिळताना वाल्मिक टाकीकडे अशा नजरेने बघायचा, की दिपाली माशावर झाकण ठेवायची.

शपथेचं म्हणाल तर, सुनेच्या गळ्यापेक्षा देवीचा कोप मोठा, असा बायडाबाईंचा हिशेब होता. दुपारी दिपाली शिवणाच्या क्लासला गेली, की त्या टाकीतलं पाणी उपसून माठातलं गार पाणी ओतायच्या, वर फ्रीजमधला बर्फ सोडायच्या. आणि शास्त्रापुढे शपथ चालत नाही, असा वाल्मिकचा हिशेब होता. सकाळी आई देवळात गेली आणि दिपाली अंघोळीला, की तो तांब्या-तांब्याने कोमट पाणी आणि मूठभर खडेमीठ टाकीत घालायचा.

दिपाली बिचारी शपथेवर विसंबून होती. ती रोज बोट बुडवून बघायची आणि चक्रावून जायची.

"अहो, त्याला ताप येतोय! सकाळी पाणी कढत, संध्याकाळी गारेगार. थंडीतापच हाय हा."

"असेल," वाल्मिक म्हणाला.

"उतरंल," बायडाबाई म्हणाल्या.

इकडे दारावरचा कडुलिंब सगळ्या वसाहतीने बघितला. दूधवाला दूध फाटकालाच टांगून जाऊ लागला. वाल्मिक वाढल्या दाढीने कचेरीत गेला, तर शेजारच्या टेबलावरचे, वसाहतीत त्याच्या समोरच राहणारे काकासाहेब खुर्चीसकट मागे सरकले.

"वाल्मिकराव, घरात देवी हायेत न्हवं? कुणाला आल्यात?"

"माशाला."

"मावशीला? अन् तुमी हापिसात आलात?"

"मावशी नाही हो. मासा. पाण्यातला."

काकासाहेबांनी सगळ्या कचेरीकडे बघून कपाळावर बोट फिरवलं. ताप डोक्यात गेलाय, असं सर्वानुमते ठरलं आणि साहेबांनी वाल्मिकला सक्तीच्या रजेवर घरी पाठवलं. घरी आला तर आई हातात बर्फाचा ट्रे घेऊन उभी होती.

"सरबताला," ती म्हणाली.

वाल्मिकने मान डोलवली, कारण त्याच्या खिशात खडेमीठ होतं.

अशातच कल्याणचा फोन आला. फरशी झाली होती, उद्या सकाळी तो मासे न्यायला येणार होता. दिपालीने धावत जाऊन टाकी बघितली आणि किंकाळी फोडली. ठिपकेवाला मासा वेड लागल्यासारखा दुसऱ्याच्या मागे लागला होता, त्याला काचेवर ढकलत होता, पाण्यातल्या वनस्पतीत घुसवत होता.

"अंगात आलं," बायडाबाई म्हणाल्या आणि त्यांनी काचेला हळदकुंकू लावलं.

सकाळ झाली तेव्हा वनस्पतींवर, काचेवर, तळाच्या खड्यांवर सगळीकडे बारीक दाणे चिकटलेले होते. दुकानदार म्हणाला होता तसे शेकडो. दिपाली मटकन खालीच बसली. भाऊ दारात आला तरी तिला उठवेना.

"कल्याण, माझ्या हातनं न्हाई रे जगत काही. आई म्हणते ते खरंय."

कल्याणने बूटही काढले नाहीत. तो टाकीपाशी गेला, वाकला आणि काचेवरचे दाणे निरखू लागला. मग वळला, तर त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"ताई, अंडी हायेत ही!"

"आँ?"

"आन् गालावरचे ठिपके? ते रोगाचे असते तर अंगभर दिसले असते. नर वयात आला की गालावर असल्या चांदण्या उठतात. नवरदेव झालाय गडी! किती वर्षं वाट बघतोय मी. पुस्तकं वाचली, कुठकुठनं माहिती काढली, पण जमलं न्हाई. ताई, तू काय केलंस?"

दिपाली उठून उभी राहिली. तिला काहीच कळलं नव्हतं, पण भावाच्या तोंडून असलं काही ऐकायची ही पहिलीच वेळ होती. तिने पदर सारखा केला.

"विशेष काही नाही," ती म्हणाली. "जपलं फक्त. दाजींना विचार, सासूबाईंना विचार. कुणाला हातसुद्धा लावू दिला नाही टाकीला."

"छे छे, हात कोण लावतंय," वाल्मिक म्हणाला.

"शपथ घेतल्याली," बायडाबाई म्हणाल्या.

कल्याणने आईला फोन लावला आणि ताईचं कौतुक एवढ्या मोठ्याने सांगितलं, की काकासाहेबांनी समोरच्या घराची खिडकी उघडली. आईबापच अंडी खाऊन टाकतात म्हणून त्याने दोन्ही मासे बादलीत घेतले. अंडी मात्र हलवायची नव्हती. टाकी इथंच राहणार होती आणि शेकडो पिल्लं मोठी करायची कामगिरी आता ताईकडे होती.

"आन् पाणी कसं ठेवायचं रे?" दिपालीने दारातून विचारलं. "गरम का गार?"

"आत्तापर्यंत जसं ठेवलंत तसंच," कल्याण बादली सांभाळत म्हणाला. "त्यात काडीचा बदल करायचा न्हाई."

दिपाली भावाला फाटकापर्यंत सोडायला गेली. वाल्मिक तांब्या घेऊन गॅसकडे निघाला, आणि बायडाबाईंनी फ्रीज उघडला.