चौबळकाकूंची नववी-ब

आमच्या शाळेत दुसऱ्याचा तास बघायला आलेले शिक्षक दाराजवळ खुर्ची टाकतात आणि थोड्या वेळात पेंगायला लागतात. चौबळकाकू मुलांमध्ये, मागच्या बाकावर बसायच्या. मी वर्गात शिरले की मुलांबरोबर उभ्या राहून लांबलचक सुरात "गुड मॉर्निंग, मैम" म्हणायच्या. पाणी प्यायला जायचं असलं की हात वर करायच्या. पन्नाशी ओलांडलेल्या बाईंना परवानगी देताना मी अडखळायचे आणि पोरं खाली मान घालून हसायची.

शाळा लखनौच्या निशातगंजमधली. काकूंचे यजमान हवाई दलात होते. ते गेल्यापासून काकू जानकीपुरमच्या घरात एकट्याच राहत. बऱ्याच वर्षांनी त्यांना पुन्हा शिकवायचं होतं. प्रिन्सिपल मॅडमनी सांगितलं, आधी महिनाभर विज्ञानाचे तास बघा, मग एक तास घेऊन दाखवा, पसंत पडला तर नववी-ब तुमची. तोवर त्या वर्गाचं विज्ञान माझ्याकडे होतं, म्हणून काकू माझ्या वाट्याला आल्या.

तास संपला की स्टाफरूममध्ये डबा उघडून त्या बोलायला लागत. मी काय शिकवलं, त्याबद्दल चकार शब्द नाही. खिडकीजवळची रुबीना न खाता आली आहे, मधल्या रांगेतल्या दोघी बोलत नाहीत, असलंच सगळं. माझ्याबद्दल एकदाच म्हणाल्या, "तू फळ्याला शिकवतेस गं. फळा नक्की पास होईल." मुलांकडे बघत बोलणं मला जमत नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. मी हिंदीत काहीतरी पुटपुटले. मराठी घरात ऐकलेली, पण घाबरले की माझ्या तोंडून हिंदीच येते.

मे महिन्यात त्यांचा तास झाला. मागे प्रिन्सिपल मॅडम बसलेल्या. काकू आत आल्या, मुलं उठली, आणि सवयीने काकूही दाराकडे वळून मुलांच्या सुरात म्हणाल्या, "गुड मॉर्निंग, मैम." वर्ग खदाखदा हसला. काकूही हसल्या. मग त्यांनी ओल्या फडक्याने अख्खा फळा पुसला आणि हाताची घडी घालून गप्प उभ्या राहिल्या. खिडकीतून लूचा तापलेला वारा येत होता. ओला डाग कडेकडेने आक्रसत नाहीसा झाला. तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "पानी गया कहाँ?" घंटा झाली तरी मुलं त्यावर वाद घालत होती.

ऑफिसमध्ये मॅडम खूश होत्या. वर्ग डिसेंबरपर्यंत तुमचाच, म्हणाल्या. त्यानंतर बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या बाई परत येणार होत्या. वर्ग तेवढ्यापुरताच आहे, हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं.

"और रिज़ल्ट?" काकूंनी विचारलं.

तो त्या बाईच देतील, असं मॅडमनी सांगितलं.

 काकू म्हणाल्या की यजमानांची जिथे जिथे बदली झाली, तिथल्या शाळेत त्यांनी शिकवलं, आणि दर वेळी परीक्षेच्या आधीच सामानाचा ट्रक दाराशी आला. कुठल्याच वर्गाचं पुढे काय झालं, ते त्यांना कधी कळलं नाही. "एक बार आख़िर तक रहना था, मैडम."

मॅडमचा नाइलाज होता. काकूंनी डिसेंबरपर्यंतचाच वर्ग घेतला.

शेवटच्या दिवशी मुलींनी रडून गोंधळ घातला. काकूंचे डोळे कोरडे. त्या म्हणाल्या, "अरे, मेरी कहीं पोस्टिंग थोड़े हुई है."

मार्चमध्ये निकालाच्या दिवशी व्हरांड्यात पालकांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांतल्या एका खुर्चीवर इस्त्रीची साडी नेसून काकू बसल्या होत्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. मुलं वरच्या वर्गातून खाली येऊन आपला निकाल आधी आईला दाखवत, मग काकूंना. काकू प्रत्येकाचा कागद खालच्या सहीपर्यंत वाचत आणि हाताने नीट सरळ करून परत देत.

दुपारी व्हरांडा रिकामा झाला. शिपाई खुर्च्या एकात एक रचू लागला. बाहेर ऊन चढलं होतं, जानकीपुरमचा ऑटो लवकर मिळत नाही. मी जवळ जाऊन म्हटलं, "काकू, निघू या का?"

"रुबीना नापास झाली आहे, मुली सांगत होत्या," त्या म्हणाल्या. "ती अजून वरून खाली आलेली नाही."

मी शिपायाकडून एक खुर्ची परत मागून घेतली आणि त्यांच्या शेजारी बसले.